विश्लेषण : फोटोत चेहरा दाखवणेही धोक्याचे होते, तेव्हा… कोण होत्या छायापत्रकार के लाहूसेन?

समलिंगी व्यक्तीचा फोटो छापून येणे म्हणजे नोकरीवर पाणी सोडणे, असा काळ अमेरिकेने पाहिला आहे. त्या काळात के लाहूसेन यांनी कॅमेरा उचलला. आपली ओळख न लपवणाऱ्या अमेरिकेतील पहिल्या समलिंगी महिला छायापत्रकार म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

लोक फोटोला का घाबरत?

१९५३ मध्ये अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या आदेशानंतर समलिंगी व्यक्तींना केंद्र सरकारच्या नोकरीतून काढले जाऊ लागले. मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत समलैंगिकता हा आजार होता. त्यामुळे बहुतेक जण टोपणनावाने वावरत. १९३० मध्ये सिनसिनाटीत जन्मलेल्या लाहूसेनही ‘के टोबिन’ या नावाने लिहीत.

मुखपृष्ठावर चेहरा कसा आला?

१९६१ मध्ये लाहूसेन यांची बार्बरा गिटिंग्ज यांच्याशी ओळख झाली. २००७ मध्ये गिटिंग्ज यांचे निधन होईपर्यंत दोघी एकत्र राहिल्या. १९६३ मध्ये गिटिंग्ज लेस्बियन स्त्रियांसाठीच्या ‘द लॅडर’ या मासिकाच्या संपादक झाल्या. तोवर मुखपृष्ठावर बहुधा रेखाचित्रेच असत. तिथे खऱ्या स्त्रिया दिसाव्यात, असा लाहूसेन यांचा आग्रह होता. पण चेहरा द्यायला कोणी तयार नव्हते. म्हणून सप्टेंबर १९६४ च्या अंकावर समुद्राकडे पाहणाऱ्या दोन पाठमोऱ्या स्त्रिया आल्या.

जानेवारी १९६६ मध्ये लिली विन्सेन्झ यांचा हसरा चेहरा झळकला. समलिंगी असल्याचे कळल्यावर लष्कराने त्यांना सेवेतून काढले होते. पुढे तर मुखपृष्ठासाठी फोटो द्यायला स्त्रियांची प्रतीक्षा यादी लागली.

आंदोलनात त्यांचे काम काय होते?

१९६५ मध्ये व्हाइट हाउस आणि फिलाडेल्फियातील इंडिपेन्डन्स हॉलसमोर निदर्शने झाली. पुरुष सूट-टायमध्ये, स्त्रिया ड्रेसमध्ये, हातात फलक. लाहूसेन निदर्शनांत सहभागी होत आणि फोटोही काढत. आज ही निदर्शने आपल्याला दिसतात, ती बरीचशी त्यांच्याच कॅमेऱ्यातून.

मुखवट्याचा फोटो का गाजला?

१९७२ मध्ये डॅलस येथे अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या अधिवेशनात समलैंगिकतेवर चर्चासत्र ठरले. त्यात समलिंगी कार्यकर्ते होते आणि मनोविकारतज्ज्ञही होते. ‘पण स्वतः समलिंगी असलेला मनोविकारतज्ज्ञ कुठे आहे?’ हा मुद्दा लाहूसेन यांनी काढला. शोध घेतल्यावर डॉ. जॉन फ्रायर तयार झाले, पण मुखवटा, विग आणि आवाज बदलणारा माइक या अटीवर. आपल्याच पेशात ओळख लपवावी लागते, हे त्यांनी सहकाऱ्यांना सांगितले. चेहरे दाखवण्यासाठी झटणाऱ्या लाहूसेन यांनी टिपलेला हा मुखवट्याचा फोटो आज चळवळीच्या इतिहासातील महत्त्वाचा दस्तऐवज आहे.

डिसेंबर १९७३ मध्ये संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून वगळली. फ्रायर यांनी तो मुखवट्यामागचा माणूस आपणच होतो, हे जाहीरपणे सांगायला मात्र १९९४ साल उजाडले.

हे फोटो आज कुठे आहेत?

२६ मे २०२१ रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षी लाहूसेन यांचे निधन झाले. त्यांचे आणि गिटिंग्ज यांचे फोटो व कागदपत्रे न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत जतन केली आहेत. कधीकाळी छापायला चेहरा मिळत नव्हता. आज त्या चेहऱ्यांची नावेही इतिहासात नोंदली गेली आहेत.