पाण्यावरची वाहनं – लेखांक ९ : रुंदीच्या जिवावर उभी असलेली बोट

जळगावजवळच्या नशिराबादच्या महामार्गावर अधूनमधून पवनचक्कीचं पातं वाहून नेणारा लांबलचक ट्रेलर दिसतो आणि त्याच्यामागे वैतागलेल्या गाड्यांची रांग. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेलच्या पठारावर अशी कितीतरी पाती फिरताहेत. मुंबईचा समुद्र इथून चारशे किलोमीटरहून लांब, पण आजची शिडाची कॅटामरान कशाची बनते हे पाहायला तिथवर जायचं कारण नाही. पातं आणि बोट एकाच मालाची. बाहेरून-आतून काचतंतूचे थर, मध्ये बाल्सा लाकडाचा किंवा पीव्हीसी फोमचा गाभा, आणि सगळी हवा खेचून घेऊन त्यात ओढलेलं रेझिन. वजन कमी, ताठपणा भरपूर. (जळगावातही पीव्हीसी फोमच्या शीट निघतात, पण त्या पाट्या आणि फर्निचरच्या कामाच्या. बोटीच्या गाभ्यातला फोम रासायनिक दुव्यांनी आवळलेला, बराच कडक असतो.)

मागच्या लेखांकात आपण ‘म्हादेई’ आणि ‘तारिणी’ या नौदलाच्या बोटी पाहिल्या. दोन्ही गोव्याच्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेल्या, ५६ फुटी, एकाच हलच्या. हल म्हणजे बोटीचं पाण्यात बसणारं अंग. त्यांच्या पोटाखाली जड कील असतो. बोट कलली की तो लंबकासारखा तिला परत उभी करतो. कॅटामरानमध्ये हे वजन नाहीच. दोन सडपातळ हल एकमेकांपासून दूर ठेवायचे, वर पूल टाकायचा आणि त्या पुलावर घर मांडायचं. कल्पना आपल्याला परकी नाही. दोन डोंगे जोडून नदी ओलांडणारी सांगड किंवा कोकणातल्या होडीला बाजूने आडव्या दांड्यांवर बांधलेली उलांडी याच जातीची. गेटवेहून मांडव्याला जाताना आपण बसतो ती कॅटामरानही दोन हलचीच, फक्त तिला शिडं नसतात.

रुंदीने किती फरक पडतो, याचा हिशेब कागदावर करता येतो. लगून ४२ ही फ्रेंच बोट घेऊ. लांबी १२.८० मीटर, रुंदी ७.७० मीटर, वजन साधारण १२ टन. वाऱ्याने तिला उलटवायचं तर आधी एक हल पाण्याबाहेर उचलला गेला पाहिजे. त्या क्षणी १२ टनांचं वजन जवळजवळ तीन मीटरच्या तरफेने वाऱ्याला विरोध करत असतं. गुणाकार पस्तीसेक टन-मीटर. तेवढ्याच लांबीची एका हलची बोट नऊ-दहा टनांची. तिची तरफ जास्तीत जास्त पाऊण मीटर, तीही बोट साठेक अंश कलल्यावर मिळते. गुणाकार सात. म्हणजे कॅटामरान पाचपट ठाम. म्हणून तिच्या टेबलावर चहाचा कप ठेवून खुशाल शीड ओढायला जाता येतं.

गोम त्या पस्तीसच्या आकड्यात आहे. तो मिळतो बोट दहा-बारा अंश कलल्यावर, आणि तिथून पुढे घटतच जातो. बैलगाडीचं एक चाक बांधावर चढलं तर गाडी सहज सावरते, पण ठरावीक तिरपेपणापुढे गेली की धुरकऱ्याच्या हातात काही राहत नाही, तसंच हे. आणि उलटी झालेली कॅटामरान उलटीच राहते, कारण त्या अवस्थेतही ती तितकीच ठाम असते! म्हणून राहण्याजोग्या कॅटामरानला हलमध्ये पाण्यालगत सुटकेची झडप ठेवतात, बोट पालथी झाली तरी माणूस बाहेर पडू शकेल अशी.

सप्टेंबर २०१८ मध्ये नौदलाचे दर्यावर्दी अभिलाष टॉमी यांची एका हलची ‘थुरिया’ दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात कोलांटी खाऊन पुन्हा सरळ झाली. डोलकाठ्या मोडल्या, टॉमींची पाठ जबर दुखावली, पण बोट उभी होती आणि सुटका होईपर्यंत ते आतच पडून राहिले. ही किमया कीलची. एकट्याने, दक्षिण महासागरातून पृथ्वीप्रदक्षिणा करायची असेल तर मी डोळे मिटून कीलची बोट निवडेन. नौदलाच्याच दिलीप दोंदेंनी २००९-१० मध्ये ‘म्हादेई’वरून तीच केली. मात्र दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१० साली प्रशांत महासागरात नीयू बेटाजवळ ‘ॲना’ ही ५७ फुटी कॅटामरान अचानक आलेल्या वावटळीत उलटली. तिच्यावरचे दोघंही वाचले, कारण पालथी झालेली बोट बुडाली नाही. पोटात शिशाचं ओझं नाही आणि भिंतींत फोम किंवा बाल्सा, मग ती बुडणार कशी?

यातून चालवायची रीतच बदलते. एका हलची बोट जोराचा वारा लागला की कलते, शीड वाऱ्यातून निसटतं आणि नावाड्याला कळतं की आता शीड आखूड करायला हवं. कॅटामरान कलत नाही. सगळा ताण मुकाट्याने डोलकाठीवर आणि तिच्या तारांवर जातो. म्हणून कारखाना तक्ता देतो. इतका वारा झाला की शिडाची पहिली घडी, इतका झाला की दुसरी. पहिली घडी साधारण १८ ते २० नॉटच्या आसपास येते. अंदाजाने चालवणाऱ्याची ही बोट नव्हे. वाऱ्याच्या काट्याकडे बघून चालवायची.

वेगाबद्दल थोडक्यात. अरुंद हल पाणी कमी फाडतो, म्हणून लाटा उठवण्यात कमी शक्ती जाते. १८७६ मध्ये अमेरिकेत नॅथनएल हेरेशॉफ यांच्या ‘ॲमरिलिस’ने न्यूयॉर्कच्या शर्यतीत बड्याबड्यांना मागे टाकलं. मग पुढच्या शर्यतींतून दोन हलच्या बोटींनाच बाद करण्यात आलं. आजच्या सहलीच्या कॅटामरानकडून मात्र तशा वेगाची अपेक्षा करू नये. त्यांचा आकार ठरवला तो शर्यतवाल्यांनी नाही, भाड्याने बोटी देणाऱ्या कंपन्यांनी. कॅरिबियन आणि भूमध्य समुद्रात आठवड्याच्या बोलीने चार कुटुंबं येणार. प्रत्येकाला स्वतंत्र खोली आणि स्वतंत्र न्हाणीघर पाहिजे. झालं, हल फुगले, छप्पर चढलं, त्यावर आणखी एक बैठक आली.

या बोटीला खरी बाधते ती भरती. सामानाची. माझ्या ढोबळ हिशेबाने ४२ फुटी बोटीत एक टन चढवला की ती चारेक सेंटीमीटर खाली बसते. पाणी, डिझेल, बॅटऱ्या, जनरेटर, धुलाईयंत्र, माणसं असं करत तीन टन सहज होतात. तेवढ्याने दोन हलमधला पूल पाण्याच्या बारा सेंटीमीटर जवळ येतो आणि समोरून येणारी प्रत्येक लाट त्याच्या पोटावर खालून थाड थाड आदळू लागते. रात्रभर तो आवाज ऐकणाऱ्याला मग ऐसपैस दिवाणखान्याचं कौतुक राहत नाही.

आता आपल्या किनाऱ्याचं बघू. कोकणातल्या बहुतेक खाड्यांच्या तोंडाशी गाळ साचलेला. ‘तारिणी’ला साधारण अडीच मीटर पाणी लागतं, लगूनला सव्वा. म्हणजे भरतीची वाट पाहायचे तास वाचतात, आणि ओहोटीत बोट चिखलावर टेकलीच तर दोन हलवर सपाट बसते, कुशीवर पडत नाही. दोन हलमध्ये दोन इंजिनं, एक पुढे आणि एक मागे चालवलं की बोट जागच्या जागी फिरते. अरुंद धक्क्याजवळ याची किंमत कळते. पण धक्के आहेत कुठे? पावणेआठ मीटर रुंदीची बोट दोन जागा अडवते, आणि मुंबईत गेटवेसमोरच्या बहुतेक खासगी बोटी आजही पाण्यातल्या बोयांनाच बांधलेल्या असतात. पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याची फेरीसुद्धा बंद होते, तेव्हा बोट सुरक्षित ठिकाणी नेऊन ठेवावी लागते किंवा पाण्याबाहेर काढावी लागते. एवढी रुंद बोट उचलणारी क्रेन शोधणं हे वेगळंच प्रकरण.

आणि वारा. नोव्हेंबर ते मेपर्यंत कोकणात दुपारचा वारा बहुधा वायव्येचा. मुंबईहून गोव्याला, सुमारे सव्वादोनशे सागरी मैल, सात नॉटच्या वेगाने बत्तीसेक तासांत मजेत जाता येतं. वारा पाठीशी असला की कॅटामरानसारखं सुख नाही. परत येताना तोच वारा तोंडावर. आखूड, उथळ कीलपट्ट्यांची ही बोट वाऱ्याच्या दिशेने नीट चढत नाही, आडवी सरकत राहते. जुनी गलबतं पहाटेच्या मतलई वाऱ्यावर किनाऱ्यालगत उत्तरेकडे सरकायची आणि दुपारी खारे वारे सुटले की नांगर टाकायची. आजचा कॅटामरानवाला पहाटे तोच मतलई वारा धरतो, आणि दुपारी शिडं गुंडाळून दोन्ही इंजिनं सुरू करतो. परतीच्या डिझेलचा खर्च आधीच मांडून ठेवलेला बरा.

पुढच्या आठवड्यात : नांगर, आणि तो चिखलात का सुटतो.