लालबागेतील संथ पावले

शहाजीराजांच्या जहागिरीमुळे मराठी मनाला परके न वाटणाऱ्या बंगळुरात, हैदरअलीने 1760 साली आरंभिलेल्या आणि आज सुमारे 240 एकरांवर पसरलेल्या लालबागेत, पहाटे जे वृद्ध स्त्रीपुरुष नित्यनेमाने चालताना दिसतात, त्यांच्यापाशी पंधरवड्यात दहा किलो वजन उतरविण्याचा हुकमी इलाज नसतो. आणि तो नसतो हेच बरे. कारण कडक उपासाच्या आरंभी काट्यावर जी घट दिसते, ती बहुतांशी शरीरातील पाण्याची व यकृत-स्नायूंत साठलेल्या शर्करेची असते. पुढे शरीर स्नायूही खर्ची घालते, ऊर्जेचा व्यय आखडते, भूक वाढविते आणि गेलेले वजन पुष्कळदा व्याजासकट वसूल करते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांस आठवड्याला किमान 150 मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे रोज जेमतेम बावीस मिनिटे, जी या शहरात एखाद्या चौकातील वाहतुकीतही सहज खर्च होतात! त्यास तंतू व कॅल्शियमने समृद्ध अशा नाचणीची, जसे येथील ‘रागी मुद्दे’ या नाचणीच्या गोळ्यांची, जोड द्यावी. मात्र मधुमेहाची वा रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी आहारात मोठा फेरफार डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून करू नये.