लटका चोर आणि खरा कुत्रा

गावाबाहेर बंगला बांधून राहिलेल्या कुटुंबांत अलीकडे एक प्रश्न वारंवार निघतो, तो हा की, रखवालीसाठी ‘शिकवलेला’ कुत्रा आणावा काय? पुरुषमंडळी दिवसभर कामावर. घरी वृद्ध माणसे आणि मुले. आपल्याकडे श्वानास श्रीदत्ताच्या पायाशी जागा मिळाली, माजघरात मात्र ती क्वचितच मिळाली. यामुळे या प्राण्याच्या शिक्षणाविषयीच्या आपल्या कल्पना बव्हंशी चित्रपटांवरून बनलेल्या आहेत. ‘पकड’ म्हणताच झडप घालतो तो शिकवलेला कुत्रा, असा सार्वत्रिक समज आहे. आमच्या मते खरी गोष्ट याच्या उलट आहे. झडप घालण्याची वृत्ती चांगल्या जातीच्या कुत्र्यात उपजतच असते. पराकाष्ठेचे श्रम पडतात ते धरलेले सोडावयास शिकविताना.

या विद्येचा आधुनिक उगम युरोपातला. 1899 साली बेल्जममधील गेंट शहराच्या पोलिसांनी रात्रीच्या गस्तीसाठी कुत्री घेतली. त्याच वर्षी जर्मनीत माक्स फॉन श्टेफानिट्झ या घोडदळातील अधिकाऱ्याने एक मेंढपाळी कुत्रा विकत घेऊन त्यास ‘होरांड’ असे नाव दिले आणि त्या जातीच्या संवर्धनासाठी संस्था काढली. मेंढ्यांचे कळप कमी होत चालले, तेव्हा या बुद्धिमान जातीस दुसरा उद्योग हवा होता. तो पोलिसांकडे मिळाला. 1910 मध्ये कोनराड मोस्ट या पोलीस खात्यातील गृहस्थाने श्वानशिक्षणावर ग्रंथ लिहिला. त्याची पद्धती कडक, धाकाची होती. पुढे कित्येक दशके तिचाच अंमल राहिला.

या शिक्षणात माणसे दोन लागतात. एक कुत्र्याचा हस्तक, म्हणजे ज्याच्या हुकमात तो जन्मभर राहावयाचा तो. दुसरा लटका चोर. पाहणारास वाटते, हा बिचारा केवळ मार खाण्यासाठी ठेवलेला गडी! वस्तुतः कुत्र्याचा खरा गुरू तोच. पिल्लू लहान असता तो दोरीस फडके बांधून पळवीत नेतो. पिल्लू धावून ते धरते. मग तागाची गुंडाळी, मग हातावर चढविलेली जाड बाही, आणि शेवटी सबंध अंगभर भरीव पोशाख. कुत्रा लांब दोरीने बांधलेला असतो. चोर तिरका तिरका येतो, नजर चुकवितो, दचकतो, पळतो. कुत्र्याने पुरा जबडा भरून बाही धरली की तो क्षणभर झुंजतो आणि बाही हातातून सैल सोडून देतो. कुत्रा ती विजयचिन्हासारखी तोंडात मिरवतो. केवळ पुढल्या दातांनी धरली, तर मात्र त्यास हा विजय मिळत नाही.

पुढे दडपण वाढते. चोर मऊ काठी उगारतो, ओरडतो, अंगावर येतो. येथे सारा खेळ क्षणाचा असतो. कुत्रा निर्भयपणे भुंकला, त्याच क्षणी चोराने माघार घ्यावयास हवी. ती उशिरा घेतली, तर भुंकण्याचा काही उपयोग नाही, काठीच श्रेष्ठ, हा धडा कुत्रा शिकतो. असा भ्यालेला कुत्रा पुढे फार धोकादायक ठरतो, कारण तो कोणासही, केव्हाही चावेल. आपले शौर्य दाखविण्याची हौस असलेला लटका चोर चांगली जनावरे बिघडवून ठेवतो, असे जाणते लोक म्हणतात ते खरे आहे.

याहून गमतीचा दोष म्हणजे बाहीचे वेड. कित्येक कुत्री चोर सोडून बाहीवरच प्रेम करू लागतात. बाही जमिनीवर टाकली की ती चघळीत बसतात आणि चोर खुशाल चालता होतो! म्हणून पोलिसांच्या कुत्र्यांस कोटाच्या आत लपविलेली बाही, किंवा तोंडास मुसके बांधून झटापट, असे प्रकार शिकवावे लागतात.

आता सोडण्याविषयी. जर्मन पद्धतीच्या परीक्षेत माग काढणे, आज्ञापालन आणि संरक्षण असे शंभर शंभर गुणांचे तीन भाग असतात. तिसऱ्या भागात मैदानावरील सहा आडोसे शोधावयाचे असतात. शेवटच्या आडोशामागे चोर निश्चल उभा असतो. अशा वेळी कुत्र्याने चावावयाचे नाही. समोर उभे राहून भुंकत त्यास रोखून धरावयाचे. चोर पळाला, तरच धरावयाचे. आणि ‘आउस’ म्हणजे ‘सोड’ म्हणताच तत्काळ सोडावयाचे. तीनदा सांगूनही न सोडणारा कुत्रा परीक्षेतून बाद होतो, मग त्याची पकड कितीही जबर असो.

हे सोडणे पूर्वी काटेरी पट्ट्याच्या हिसक्याने शिकवीत. नवी रीत अशी की, चोर एकदम निश्चल होतो, बाही जणू मरते; कुत्र्याने सोडताच पुन्हा धरावयास देतात. सोडल्याने खेळ संपत नाही, हे त्यास कळते. जर्मनीत 1 जानेवारी 2022 पासून शिक्षणात काटेरी पट्टे व इतर वेदनादायक साधने वापरण्यास कायद्याने बंदी झाली, तेव्हा बर्लिनच्या पोलिसांना आपली संरक्षक कुत्री काही काळ कामावरून काढावी लागली. आमचा कल या कायद्याकडे आहे. तथापि विरोधकांचे म्हणणेही पोकळ नाही: दंडास धरलेला कुत्रा सुटेना, तर ती वेदना माणसाची असते.

आणि ती कोणत्या माणसाची, हे हस्तक ठरवितो. अमेरिकेतील फर्गसन शहराच्या पोलिसांविषयी तेथील केंद्रीय न्यायखात्याने 2015 मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. ज्या ज्या प्रकरणी चावा बसलेल्याच्या वंशाची नोंद होती, तो प्रत्येक मनुष्य कृष्णवर्णीय होता. त्यांत एक निःशस्त्र चौदा वर्षांचा मुलगाही होता. कुत्र्यास वंश कळत नाही.

आपल्याकडे पोलिसांच्या कुत्र्याची कीर्ती दातांपेक्षा नाकाची आहे. 1993 च्या बाँबस्फोटांनंतर मुंबईत तीन हजार किलोंहून अधिक स्फोटके हुंगून काढणारा ‘झंजीर’ हा लॅब्राडोर होता, आणि त्याने ते काम कोणासही न चावता केले.

एकत्र कुटुंबात हुकूम देणारी तोंडे अनेक. आजोबा ‘बस’ म्हणतात, नातू ‘ये’ म्हणतो, आणि स्वयंपाकघरातून पोळीचा तुकडा येतो. त्यात धावणारी मुले म्हणजे कुत्र्याच्या दृष्टीने पळणारे फडकेच. शिवाय हे शिक्षण एकदा घेऊन पुरत नाही, नित्य उजळावे लागते. बहुतेक घरांस फाटकाशी भुंकणारा साधा गावठी कुत्रा पुरेसा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. तरीही कोणास ‘शिकवलेला’च घ्यावयाचा असेल, तर पैसे देण्यापूर्वी दोन गोष्टी डोळ्यांनी पाहाव्या. स्तब्ध उभ्या असलेल्या माणसापुढे तो न चावता नुसता भुंकतो काय. आणि धरलेली बाही एका शब्दासरशी सोडतो काय. तो शब्दही विक्रेत्याने उच्चारावयाचा नाही. ज्याच्या स्वाधीन कुत्रा राहणार, त्या घरच्या माणसाने उच्चारावयाचा.