द्राक्षाच्या सालीवरचं मेण

पोरांनो, साताऱ्याला तुमच्या आईने शिऱ्यात घातलेला बेदाणा बहुतेक सांगलीकडचा असतो. तो होतो कसा, ते ऐका.

द्राक्षाच्या मण्यात बहुतांश पाणीच. ते उडून जाऊ नये म्हणून वेल सालीवर मेण चढवते. घडावरची पांढरट झाक ती हीच. या मेणाच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या चकत्या कौलांसारख्या एकीवर एक बसलेल्या असतात. पावसाचा थेंब वरून घरंगळतो आणि आतलं पाणीही सहजी बाहेर पडत नाही. घड तसाच वाळत घातला तर तीन-चार आठवडे जातात, मणीही काळपट पडतो.

म्हणून तासगाव, मिरज, कवठेमहांकाळकडे घड आधी बुडवून काढतात. 100 लिटर पाण्यात अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट विरघळवायचं, मग ढवळत ढवळत दीड लिटर डिपिंग ऑईल ओतायचं. हे तेल म्हणजे मुख्यतः इथाइल ओलिएट. मेणाशी त्याची गट्टी, पाण्याशी उभा दावा! नुसत्या पाण्यात त्याचा वर तवंगच येईल.

पण तेलात थोडं ओलिइक आम्लही असतं. कार्बोनेटच्या पाण्यात पडताच त्याचा साबण होतो. साबणाच्या रेणूच्या डोक्याला पाण्याचा लळा, शेपटीला तेलाचा. ढवळून तेलाचे थेंब फुटले, की हे रेणू शेपट्या थेंबात खुपसतात आणि डोकी पाण्यात ठेवतात. सगळ्या डोक्यांवर ऋण विद्युतभार, म्हणून थेंब एकमेकांना दूर ढकलतात, लगेच एक होत नाहीत. त्यांच्यावरून उजेड विखुरतो आणि पाणी पांढरं दिसू लागतं. तेल विरघळलेलं नसतं बरं का, नुसतं बारीक होऊन पसरलेलं असतं. या रेणूंना पृष्ठसक्रियकारक म्हणतात. आपल्या पोटात तूप पचताना पित्तही हेच करतं. मला तर निसर्गाची ही फार देखणी युक्ती वाटते.

दोन-चार मिनिटांत ते तेल मेणाच्या चकत्यांमध्ये शिरतं. मेण निघून जात नाही, पण आतल्या पाण्याला वाट मिळते. मग शेडमधल्या जाळीच्या रॅकवर, सावलीत, वाऱ्यावर साधारण पंधरवड्यात बेदाणा तयार. चार किलो द्राक्षांचा जेमतेम एक किलो, पण हिरवट-पिवळा रंग टिकलेला. मार्च-एप्रिलात अवकाळी कधी गाठेल याचा नेम नसतो, त्यामुळे माल लवकर वाळलेलाच बरा.