आधी ब्रेक, मग वेग

चाकणच्या कारखान्यातून फोक्सवॅगनच्या पोलो मोटारी बाहेर पडणे २०२२ साली थांबले. तरुणांचा त्यांवरील लोभ मात्र थांबलेला नाही. ज्याच्या दारी १०५ अश्वशक्तीची ‘जीटी टीएसआय’ आहे, तो सुटीच्या दिवशी अंगणातच पाने-पकडी घेऊन बसतो आणि लॅपटॉप जोडून एंजिनाची शक्ती वाढवू पाहतो. यंत्राची ही ओढ आम्हांस कौतुकास्पदच वाटते. परंतु त्याच मोटारीच्या मागील चाकांना साधे ड्रम ब्रेक आहेत, आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यापासून थांबण्याचे अंतर चौपट होते! सिल्लोडहून निघून अजिंठ्याचा घाट उतरणाऱ्याने तरी हा हिशेब विसरू नये.

मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम कारखानदाराच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफारास मनाई करते. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ साली तेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दर फेरफारास पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठरली. कर्कश सायलेन्सरवाल्यास ती खुशाल व्हावी. पण अधिक सक्षम ब्रेक बसविणारासही तीच धास्ती असावी, हा कुठला न्याय? केंद्र सरकारने नियम करून असे बदल परिवहन कार्यालयात तपासून नोंदविण्याची सोय करावी.