संन्यासिनींचा सामाईक संसार

अंधेरी म्हटलं की डोळ्यांपुढे येतात स्टुडिओ, सीप्झ, विमानतळ आणि न हलणारी वाहतूक. घरदार सोडून आलेल्या माणसांनी एकत्र राहायचं, एकत्र जेवायचं आणि ठरावीक वेळी प्रार्थनेला बसायचं, ही प्रथा मात्र या उपनगरात स्टुडिओंच्या दोन हजार वर्षं आधीपासून आहे. महाकाली म्हणून ओळखली जाणारी कोंडिवट्याची १९ बौद्ध लेणी साधारण इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढच्या काही शतकांत खोदली गेली. बोरिवलीच्या डोंगरातली कान्हेरी त्याहून कितीतरी मोठी, शंभराच्या वर लेण्यांची. तिथे मूर्तींपेक्षा मला पाण्याच्या टाक्या पाहायला आवडतात. घर सोडलेल्या माणसालाही पाणी लागतं, निजायला ओटा लागतो, रोजच्या अन्नाची सोय लागते. कान्हेरीच्या शिलालेखांत व्यापाऱ्यांनी, गृहस्थांनी दिलेल्या दानांच्या नोंदी आहेत, आणि दान देणाऱ्यांत भिक्षुणीही आहेत.

आज महाकाली केव्हज रोडने गेलं तर होली स्पिरिट हॉस्पिटल लागतं आणि लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर यांचा वृद्धाश्रमही. रूळ ओलांडून पश्चिमेला आलं की वीरा देसाई रोडवर सेंट कॅथरिन्स होम हे अनाथ मुलांचं जुनं घर आहे. त्याच परिसरात हेल्पर्स ऑफ मेरी या संन्यासिनींच्या संघाचं मातृगृह ‘श्रद्धा विहार’ आहे, आणि वर्सोव्याला याच संघाचं कुष्ठरुग्णांसाठीचं विमला डर्मेटॉलॉजिकल सेंटर. चार वेगवेगळ्या संघांच्या बायका काही किलोमीटरच्या आत राहतात. आपण सगळ्यांना एकाच नावाने हाक मारतो, सिस्टर. हॉस्पिटलातल्या नर्सलाही तेच म्हणतो, त्यामुळे घोटाळा आणखी वाढतो.

घोटाळा सोडवायचा तर सहाव्या शतकातल्या इटलीत जावं लागतं. नर्सिया गावच्या बेनेडिक्टने मॉन्टे कॅसिनोच्या डोंगरावर मठ वसवला आणि मठाच्या कारभारासाठी ७३ प्रकरणांची एक नियमावली लिहिली. पुढे युरोपातले बहुसंख्य मठ, पुरुषांचे आणि स्त्रियांचेही, तिच्यावर चालले. धर्मग्रंथ समजून ती उघडणारा वाचक चकित होतो. स्वयंपाकाची पाळी कुणाची, अंथरूण कसं असावं, जेवताना कुणी वाचून दाखवायचं, असल्या घरगुती गोष्टींनी ती भरलेली आहे. जेवणात दोन शिजवलेले पदार्थ असावेत, कारण एकाला एक चालत नसेल तर दुसऱ्यावर त्याचं भागेल, इतका बारीक विचार तिथे आहे. भांडी, हत्यारं वापरताना ती वेदीवरची पवित्र पात्रं आहेत असं समजून वापरावीत, असंही एक कलम आहे. फाटकावर समंजस, वयस्क माणूस बसवावा आणि दार वाजताच त्याने लगेच उत्तर द्यावं, असंही सांगितलं आहे. आलेला पाहुणा ख्रिस्तच समजून त्याचं स्वागत करायचं.

या नियमावलीत एक ताण मात्र पहिल्यापासून आहे. एका ठिकाणी ती सांगते की प्रार्थनेपेक्षा मोठं काम नाही, घंटा वाजली की हातातलं टाकून निघायचं. दुसऱ्या ठिकाणी सांगते की आजाऱ्याची काळजी सगळ्यांच्या आधी. मठाच्या भिंतीआड आजारी माणूस म्हणजे आपलाच एखादा सोबती, तेव्हा दोन्ही साधतं. अख्खं उपनगर दाराशी येऊन बसल्यावर काय करायचं, हे बेनेडिक्टला सांगावं लागलं नव्हतं.

स्त्रियांच्या बाबतीत चर्चने तो प्रश्न बराच काळ दार बंद करूनच सोडवला. १२९८ साली पोप आठव्या बोनिफेसने सर्व संन्यासिनींनी मठाच्या आतच राहावं असा हुकूम काढला. रस्त्यावर जाऊन आजाऱ्याचं करणाऱ्या, गरिबांच्या मुलींना शिकवणाऱ्या बायका त्यानंतरही होत्याच, पण खऱ्या अर्थाने संन्यस्त म्हणून त्यांना धरलं जात नसे. साधी व्रतं घेऊन बाहेर काम करणाऱ्या संघांना रोमने तो दर्जा दिला तो १९०० च्या डिसेंबरात. सहाशे वर्षं गेली. म्हणजे मुंबईच्या उपनगरांत दिसणारी सिस्टर, शाळेतली, दवाखान्यातली, रिक्षातून उतरणारी, ही कायद्याच्या दृष्टीने तशी अलीकडची व्यक्ती आहे. मठात राहून प्रार्थनेलाच वाहिलेल्या बेनेडिक्टाइन संन्यासिनी भारतात पाहायच्या तर बेंगळुरूचं शांतिनिलयम आहे. अंधेरीतल्या सिस्टर त्या अर्थाने बेनेडिक्टाइन नाहीत. त्यांच्या घराची घडी मात्र त्याच जुन्या नियमावलीतून आली आहे. सकाळ-संध्याकाळची सामुदायिक स्तोत्रं, एकत्र जेवण, रात्रीच्या प्रार्थनेनंतरचं मौन, सगळं तिथलंच.

या घडीतला सर्वांत अवघड भाग ब्रह्मचर्याचा, असं बाहेरच्यांना वाटतं. मला तो सामाईक पैशाचा वाटतो. सिस्टर शाळेत शिकवते किंवा रुग्णालयात काम करते, तेव्हा तिचा पगार संघाच्या खात्यात जातो. रेल्वेचा पास, चपला, चष्मा, आईला भेटायला गावी जायचं तिकीट, हे सगळं मागून घ्यायचं. बेनेडिक्टने लिहिण्याची लेखणीसुद्धा स्वतःची म्हणू नये असं बजावलं आहे. सोबत ज्याला जे लागेल ते मठाने द्यायचं, सुईसुद्धा, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितलं आहे. पन्नाशीची, एखाद्या वॉर्डाचा कारभार बघणारी बाई नव्या चपलांसाठी घरच्या प्रमुख सिस्टरकडे जाते, हे आपल्याला पटत नाही. मलाही सहज पटत नाही. पण हिशेब मांडून पाहा. दहा बायकांच्या मिळकतीवर एकच चूल चालते, एकच भाडं किंवा एकच डागडुजी. जे उरतं त्यातून न कमावणारं काम उभं राहतं. वस्तीतला दवाखाना, कुष्ठरोग्याची मलमपट्टी, टाकलेलं मूल, यांपैकी कशातूनच पैसा येत नाही. सिस्टरांच्या सेवेचं कौतुक होतं तेव्हा त्यागाचे शब्द वापरले जातात, आणि ती सेवा ज्यावर उभी आहे ती काटकसरीची व्यवस्था कुणाच्या ध्यानात येत नाही.

एकत्र राहणं गोडगोड असतं असं मात्र नाही. एका घरात केरळची, मंगळूरची, वसईची आणि छोटा नागपूरची अशा चौघी असल्या की नारळाचं तेल की मोहरीचं, इथून सुरुवात होते. कुणी कुणाला निवडलेलं नसतं, आणि बदलीची चिठ्ठी आली की जमलेलं घरही सोडावं लागतं. बेनेडिक्टने दोन पदार्थांचं कलम का घातलं असेल ते अशा वेळी कळतं.

सेंट कॅथरिन्स होमची गोष्ट या सगळ्यात मध्यभागी आहे. हे घर डॉटर्स ऑफ द क्रॉस या संघाचं. मेरी-तेरेझ हाझ यांनी १८३३ साली बेल्जियममधल्या लिएज शहरात हा संघ काढला. १८६२ मध्ये त्यांच्या सिस्टर कराचीला उतरल्या, पुढे मुंबईत आल्या. वांद्र्याचं सेंट जोसेफ्स कॉन्व्हेंट त्यांचंच. अंधेरीच्या अनाथगृहात जर्मनीहून आलेल्या सिस्टर अ‍ॅना हुबेर्टा रोगेनडॉर्फ काम करत. मुलं वाढत होती, पैसा पुरत नव्हता. दाराशी आलेलं मूल सांभाळणं एवढंच काम धरलं तर ते कधीच संपत नाही. मूल ज्या वस्तीतून येतं तिथे जाणारं कुणीतरी हवं. १९४२ साली त्यांनी हेल्पर्स ऑफ मेरी हा संघ सुरू केला. दुसरं महायुद्ध चालू होतं, ‘चले जाव’चं वर्ष होतं, आणि ब्रिटिशांच्या मुंबईत एक जर्मन बाई भारतीय मुलींचा संन्यस्त संघ उभा करत होती. अंधेरीत जन्मलेला हा संघ आज इथिओपिया आणि केनियातही काम करतो.

याच घराची दुसरी शाखा जर्मनीत फुटली. बॉन शहरात रोझी गोलमन नावाच्या शिक्षिकेने १९५९ मध्ये अंधेरीच्या अनाथगृहाबद्दल एका नियतकालिकात वाचलं आणि विद्यार्थिनींना घेऊन मदत पाठवायला सुरुवात केली. त्या स्वतः येऊन हे घर पाहून गेल्या. १९६७ मध्ये त्यांनी संस्था नोंदवली, तिचं नाव ‘आंधेरी-हिल्फे’, अंधेरीची मदत. जर्मनीतली कितीतरी माणसं अंधेरी हा शब्द त्या अनाथगृहामुळे ओळखतात. आपल्या लोकलच्या उद्घोषणेत तो रोज कितीदा ऐकू येतो, याची त्यांना कल्पनाही नसेल. कपडे-खाऊच्या पार्सलांनी गरिबी हटत नाही हे या संस्थेला लवकरच उमगलं. मग भर स्वावलंबनावर गेला आणि काम भारतातल्या खेड्यांत, पुढे बांगलादेशातल्या अंधांच्या शस्त्रक्रियांपर्यंत पोहोचलं.

वर्सोव्याच्या विमला सेंटरबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण कुष्ठरोगाचं काम आता संपलं अशी आपली समजूत आहे. १९८० च्या दशकात बहुविध औषधोपचार आला. २००५ च्या अखेरीस, रुग्णांचं प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली गेल्यावर, सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून कुष्ठरोगाचं दूरीकरण झाल्याचं भारताने जाहीर केलं. गोळ्यांनी जंतू मरतात, पण मेलेली नस परत येत नाही. पावलाला संवेदना नसलेल्या माणसाच्या चपलेत खडा गेला तर तो दिवसभर त्यावरच चालतो. संध्याकाळी पायमोजा रक्ताने भिजलेला दिसला की मग कळतं. अशी जखम चिघळते, हाडापर्यंत जाते, शेवटी पाय काढावा लागतो. त्यावर उपाय अगदी साधे. रोज पाय पाण्यात भिजवायचे, कडक झालेली कातडी घासायची, तेल लावायचं, तळवा आरशात बघायचा, मऊ रबराच्या खास चपला वापरायच्या. यात वीरश्री काही नाही. रोज तेच पाय, तेच बोळे, तीच ताकीद. माणूस उपचार पुरा करून बरा झालेला असतो, पण बोटं झडलेली म्हणून घरी कुणी घेत नाही. असा माणूस वर्षानुवर्षं तिथेच येत राहतो. अशा कंटाळवाण्या कामाला रोजच्या ठरलेल्या घंटेची सवय असलेली माणसंच टिकतात, असं माझं मत आहे.

महाकाली रस्त्यावरच्या लिटल सिस्टर्सची रीत आणखी निराळी. १८३९ च्या हिवाळ्यात फ्रान्समधल्या ब्रिटनीत जान ज्युगान या गरीब बाईने एका अंध, अर्धांगवायू झालेल्या विधवेला घरी आणलं आणि आपला बिछाना तिला दिला. तिथून हा संघ सुरू झाला. पुढे जानला स्वतःच्याच संघात बाजूला सारलं गेलं आणि नव्या मुलींना तीच संस्थापिका हे माहीतही नव्हतं. २००९ मध्ये तिला संतपद मिळालं. या संघाने कायमचं उत्पन्न घ्यायचं नाही असं ठरवलं. ठेवी नाहीत, जमिनीचं भाडं नाही. सिस्टर दोघी-दोघींनी बाजारात, दुकानांत, कचेऱ्यांत जाऊन मागतात, आपल्या वारकरी, विद्यार्थी परंपरेतल्या माधुकरीसारखंच. तांदूळ, भाजी, साबण, जे मिळेल ते. म्हातारा कुठल्या धर्माचा हे विचारलं जात नाही, तो गरीब आहे ना, एवढंच पाहिलं जातं.

होली स्पिरिट हॉस्पिटल चालवणाऱ्या संघाचे संस्थापक आर्नल्ड यान्सेन यांनी मात्र बेनेडिक्टच्या नियमावलीतल्या त्या ताणावर सरळ तोडगा काढला. १८८९ मध्ये त्यांनी नेदरलँड्समधल्या श्टाइलला बाहेर काम करणाऱ्या सिस्टरांचा संघ काढला आणि १८९६ मध्ये फक्त प्रार्थना करणाऱ्या, गुलाबी वस्त्रांतल्या सिस्टरांचा दुसरा. कामाच्या घाईत प्रार्थना मागे पडणार हे त्यांनी गृहीतच धरलं असावं.

पुढचं चित्र अवघड आहे. पूर्वी वसई, मंगळूर, केरळ इथल्या मोठ्या कुटुंबांतून मुली यायच्या. आता तिथे दोनच मुलं असतात आणि मुलीपुढे इतर वाटा आहेत, त्या असायलाच हव्यात. नव्या मुली जास्त करून झारखंड, ओडिशा, ईशान्येकडून येतात. इथे येऊन मराठी शिकतात, कारण दवाखान्यात येणारी बाई आपलं दुखणं आपल्याच बोलीत सांगते. परदेशी देणग्यांचा कायदा २०२० च्या दुरुस्तीनंतर अधिक कडक झाला: असा पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेतून यायचा आणि एका संस्थेने दुसरीला द्यायचा नाही. बॉनच्या वर्गणीवर वाढलेल्या पिढीला हे सोपं नाही. टाकलेल्या मुलाबद्दलचे नियमही बदलले आहेत. मूल दाराशी आलं की २४ तासांत बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं, आणि ते योग्यच आहे. वॉर्डात, वर्गात, औषधांच्या खिडकीवर आता पगारी माणसं दिसतात, त्यांत हिंदू, मुसलमान, बौद्ध सगळे. सिस्टरांच्या वाट्याला उरतो तो बराचसा कारभार, आणि रात्रपाळी.