मातीची शेगडी : ऊब हवी, धूर नको

थंडी पडली की आपल्या घरांत मातीची शेगडी निघते. नवी घेताना टिचकी मारून पाहावी. खणखणीत वाजली तर भाजणी पक्की, बद्द वाजली तर तडा असू शकतो. पहिले काही दिवस आच मंद ठेवावी. तापलेल्या शेगडीवर पाणी ओतू नये, ती तडकते. निखारे चिमट्याने काढून अंगणात पाण्याच्या घमेल्यात विझवावेत.

मात्र बाळंतिणीच्या बंद खोलीत रात्रभर शेगडी ठेवण्याची रीत आपण सोडायलाच हवी. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना रंग, ना वास. झोपलेल्या आई-बाळाला काही कळतही नाही. शेक देताना खिडकी-दार उघडे ठेवावे, मग शेगडी बाहेर न्यावी. झोपण्यापूर्वी आग विझवावी, ही तर प्रेषित मुहम्मद (स.) यांचीच शिकवण आहे.